देवीला सांगितलेलं दुखणं

छातीत कळ आली तेव्हा ईश्वर गोताड काही भारदस्त काम करत असते, तर पुढचं सगळं जरा शोभून तरी गेलं असतं. जिना चढत असते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडत असते, निदान पेपरातली वाईट बातमी वाचत असते. पण ते पूनम सागरमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून, टीव्हीकडे बघत, कढत शिरा गिळत होते. गोदीत जन्मभर टॅली क्लार्क म्हणून दुसऱ्यांच्या पेट्या मोजताना डबा उरकायची जी घाई लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. चमचा अर्ध्यावर थांबला. छातीच्या मधोमध आतून कुणी मूठ आवळल्यासारखं झालं. कळ पाठीत गेली, जबड्यापाशी आली, आणि गोताडांनी हाक मारली, "अंबिका!"

एरवी ते बायकोला "अगं" म्हणत. स्वतःचं नाव नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर अंबिकाबाईंनी ओळखलं, प्रकरण मोठं आहे.

खालच्या फॅमिली डॉक्टरनं जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी दिली आणि मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. तिथं रिक्षातून उतरतायत तोवर धाकटा भाऊ जितेंद्र दारात हजर. जितेंद्र भाईंदर पूर्वेला राहायचा आणि मीरा रोडला फ्लॅटची दलाली करायचा. रिकामी होणारी जागा त्याला लांबून कळायची.

आता हे सांगायला हवं, की गोताडांकडे रिकामी होण्यासारखी एकच जागा होती, आणि ती फ्लॅटमध्ये नव्हती. रत्नागिरीकडं करंजघर म्हणून त्यांचं गाव. तिथं शिमग्याला वाघजाईची पालखी देवळाबाहेर निघते, तेव्हा पहिला खांदा गोताडांच्या घरातल्या थोरल्याचा. ढोल वाजतो, सगळा गाव थांबतो, आणि गोताडांचा थोरला पुढं होऊन दांडा खांद्यावर घेतो. मग बाकीच्यांनी हात लावायचा. वर्षभर ज्या माणसाला सोसायटीचा वॉचमनसुद्धा "किधर जाना है?" विचारतो, त्याला त्या दिवशी आख्खं गाव वाट करून देतं. ईश्वररावांच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. बाकीचं आयुष्य ते त्या खांद्याच्या आधाराने रेटत होते.

आयसीयूच्या दारात स्ट्रेचर थांबलं होतं. नाकात नळी, हाताला सुई, आणि सुईतून आलेली एक गोड गुंगी. जितेंद्रनं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे गावचा नाथा गुरव.

"नाथा, दादाला हार्ट आलाय. गाऱ्हाणं घाल. काय बोलायचं ते मी सांगतो."

नाथा गुरवाचा आवाज कॉरिडॉरभर घुमला. "हे बा आई वाघजाई! तुझं लेकरू ईश्वर आज हार्टाच्या दुखण्यानं आडवं झालंय म्हाराजा! त्येला बरं कर. बरा झाला की त्यो तुज्या पालखीचा पयला खांदा धाकल्या भावाच्या हाती दील, म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला उत्तर द्यायचं असतं. जितेंद्रनं बोलावून घेतलेल्या चार करंजघरकरांनी दिलं, "व्हय म्हाराजा!" आणि स्ट्रेचरवरून, नळीच्या मागून, पाचवा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

तो ईश्वररावांचा होता. लहानपणापासून गुरव थांबला की करंजघरच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो. पण साक्षीदार होते आणि देवी ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. डॉक्टर नीलम शहा ही तरुण मुलगी, रिपोर्ट बघत आत आली. तिनं त्यांच्या बरगड्या बोटानं एकेक दाबून बघितल्या. "दुखतं इथं? इथं? नाही ना? बरगडीचं असतं तर बोट ठेवल्यावर ओरडला असता. काका, तुमचं हार्ट एकदम क्लिअर आहे. माझ्यापेक्षा चांगलं असेल."

"मग दुखलं ते?"

"अन्ननलिका. घास उतरतो ती नळी. हार्टच्या पाठीमागूनच जाते. भराभर गिळलं, कढत गिळलं, अ‍ॅसिड वर आलं, टेन्शन घेतलं, की ती आखडते. दुखणं अगदी हार्टसारखंच येतं. तुमच्या सोसायटीत कसं, ओल दिसते तुमच्या हॉलमध्ये आणि गळत असतं बाजूवाल्याच्या बाथरूममध्ये. तसं."

इतकं स्वच्छ ईश्वररावांना आजवर कुणी काही समजावलं नव्हतं. त्यांच्या हॉलमध्ये तशी ओल होतीही.

"म्हणजे नाटक नाही ना माझं?"

"अजिबात नाही. दुखणं खरं आहे. फक्त जीव घेणारं नाही." तिनं पथ्य सांगितलं: सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडची गोळी, लहान घास, नीट चावून, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. कळ आली तर ताठ बसायचं, पोटातून सावकाश श्वास घ्यायचा, घाबरायचं नाही. घाबरलं की नळी आणखी आवळते. "पण कधी चालताना छाती भरून आली, घाम फुटला, दम लागला, तर मात्र शिरा-बिरा काही न बघता सरळ इकडे यायचं. कळलं?"

ईश्वररावांना रडू आलं. घरी येईपर्यंत ते रिक्षात हसत होते. बिल्डिंगच्या गेटपाशी हसू थांबलं. हार्ट नाही म्हणजे मग देवीला जे सांगितलं ते काय होतं?

घरात वेगळाच ताप. हार्ट होतं तोवर त्यांच्या पाठीमागं उशी होती, हाताशी पाणी होतं, टीव्हीचा रिमोट विनातक्रार मिळत होता. रिपोर्ट आला आणि दोन दिवसांत उशी परत गेली. मुलगी संचिता सासरहून फोनवर म्हणाली, "पप्पा, गॅससाठी आयसीयू? हाईट आहे!" शेजारची ममताबेन दारातून, "गोताडभाई, गॅस था क्या? मेरे को लगा सच में कुछ है।" अंबिकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा रिपोर्टवर विश्वासच नव्हता. "ती पोरगी संचिताएवढी. तिला काय कळतंय? मी बघितलाय ना तुमचा चेहरा." जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी त्यांनी छोट्या पर्समध्ये घालून ठेवली. नवऱ्याच्या हृदयावर एवढं एकनिष्ठ प्रेम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

शिमगा जवळ आला. करंजघर ग्रामस्थ मंडळाची मुंबईची सभा खारी गावातल्या एका शाळेच्या वर्गात भरायची. पोट सुटलेली माणसं दुसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायची आणि गावाचं भवितव्य ठरवायची. अध्यक्ष तात्या रेवाळे मास्तरांच्या खुर्चीत. मागच्या बाकावर बायका, त्यात अंबिकाबाई.

ईश्वररावांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. तात्यांनी तो उलटा धरून वाचला.

"हार्ट चांगलं आहे असं लिहिलंय," ईश्वरराव म्हणाले.

"मग आनंदाय. देवीनं बरं केलं."

"बरं नाही केलं तात्या. मुळात नव्हतंच."

वर्गात कुजबुज झाली. तात्यांनी चष्मा काढला. "ईश्वरा, नीट विचार कर. हार्ट होतं आणि देवीनं घालवलं, तर नवस फेडायला पायजे. हार्ट नव्हतंच, तर तू देवीला खोटं सांगितलंस. खोटं बोलणाऱ्याच्या खांद्यावर आपण पालखी देतो का?"

"मी कुठं सांगितलं? जितू बोलला."

"तू व्हय म्हाराजा म्हणालास."

"ते तोंडातून गेलं हो!"

"मग गाऱ्हाणं काय कानातून जातं?"

सगळे खो खो हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, गॅस सिलिंडर खांद्यावर घेतात, सिलिंडरनं खांदा घ्यायचा नसतो!" आणखी हशा. जितेंद्र हसला नाही. तो दुःखी चेहरा करून बसला होता. पार्टीनं टोकन देईपर्यंत दलाल जसा बसतो तसा.

"तिसरी गोष्टपण असू शकते," ईश्वरराव म्हणाले. "दुखणं खरं होतं. नाव चुकलं."

"अरे, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव निघता निघत नाही. ही तर देवी."

पण ईश्वररावांच्या हट्टानं तात्यांना नाथा गुरवाला फोन लावायला लागला. "रोग बदलून सांगायचा रिवाज न्हाय," तो म्हणाला. "पन चुकलंमाकलं पदरात घे म्हनून नवं गाऱ्हाणं घालता यील. मंडळानं एकमुखानं म्हनायला हवं, की मानूस खांद्याला धडधाकट हाय."

जितेंद्र लगेच उठला. "मग धडधाकट आहे हे दाखवू दे की दादानं. त्याच्याच काळजीनं बोलतोय मी. उद्या पालखीखाली काही झालं तर वहिनीला मी काय तोंड दाखवू?"

ईश्वरराव उठले, दुसरीच्या पोरांचा एक लाकडी बाक उचलला आणि खांद्यावर घेतला. मग ते नाचले. ढोल नव्हता, कुणीतरी टेबलावर ताल धरला. फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत, बाक डोलवत, गुडघे मोडत, जसे ते दरवर्षी वाघजाईच्या सहाणेपुढं, पालखी टेकते त्या चौथऱ्यापुढं, नाचत तसे. हसणं थांबलं. एक म्हातारा डोळे पुसायला लागला. बाक खाली ठेवला तेव्हा ईश्वररावांचा श्वास जागेवर होता.

"एकमुखानं?" तात्यांनी विचारलं.

"व्हय म्हाराजा!" वर्ग म्हणाला. जितेंद्रचंही तोंड आपोआप उघडलं.

तात्यांनी नाथाला परत फोन लावायला घेतला. रेंज मिळेना. तेवढ्या वेळात बटाटेवडे आणि चहा आला. सगळे ईश्वररावांच्या पाठीवर थापा मारायला लागले. कुणी त्यांच्या हातात वडा दिला, कुणी कप. माणूस आनंदात असला की त्याला पथ्य आठवत नाही. त्यांनी कढत वडा अर्धा तोंडात कोंबला, वर चहाचा मोठा घोट घेतला, आणि गिळलं.

मूठ आवळली.

काय झालंय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ताठ बसायचं. पोटातून श्वास. घाबरायचं नाही. ते ताठ बसले आणि हसत राहिले. कळ पाठीत गेली. ते हसतच होते. कपाळावर थेंब आले, वडा गरम होता असं म्हणता आलं असतं. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर कुणाला कळलंही नसतं. तात्या दारात उभे राहून रेंज शोधत होते आणि त्यांना दोन दांड्या मिळाल्या होत्या.

पण तो चेहरा अंबिकाबाईंनी आधी बघितला होता.

बाकांवरून वाट काढत त्या आल्या. "अहो! अहो, तोंड उघडा!" ईश्वररावांनी तोंड घट्ट मिटून मान हलवली. अंबिकाबाईंनी लहान मुलाचं धरतात तसं त्यांचं नाक धरलं. तोंड उघडलं, गोळी जिभेखाली गेली, आणि सगळ्या मंडळाच्या देखत बाईंनी नवऱ्याचा जबडा बंद करून दाबून धरला.

हळूहळू मूठ सुटली. कळ ओसरली. मग डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ईश्वरराव बाकावरून घसरून फळ्याखाली बसले.

"गोळी कसली वहिनी?" जितेंद्रनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"हार्टची."

"आणि दुखणं गेलं?"

"गेलं की! बघा ना, रंग आला तोंडावर."

जितेंद्र मंडळाकडे वळला. "हार्टच्या गोळीनं जातं ते हार्ट. पोटाचं असतं तर पोटाच्या गोळीनं गेलं असतं. अजून मी काय बोलू?"

फळ्याखाली बसलेल्या ईश्वररावांनाही क्षणभर ते पटलं. तात्यांनी फोन खिशात ठेवला. पहिला खांदा जितेंद्रकडं गेला, ईश्वररावांना मंडळाचे कायमचे सल्लागार नेमण्यात आलं, आणि त्यांच्या हातातला उरलेला वडा कुणीतरी काढून घेऊन केळं दिलं.

डॉक्टर नीलमनं हे सगळं ऐकून घेतलं, पुन्हा ईसीजी काढला, तो चांगलाच आला. मग ती म्हणाली, "काका, ती गोळी अन्ननलिकेलापण सैल करते. म्हणून बरं वाटलं. त्यावरून हार्ट आहे की नाही हे ठरत नाही. आणि बीपी उतरतं, म्हणून चक्कर."

"हे तुम्ही आमच्या मंडळात येऊन सांगाल?"

"त्यांना समजेल?"

"नाही," ईश्वरराव म्हणाले आणि उठले.

बाहेर अंबिकाबाई बाकावर बसल्या होत्या. गेले चार दिवस त्या भेटेल त्याला सांगत होत्या, की गोळी वेळेवर दिली म्हणून कुंकू राहिलं. ईश्वररावांनी त्यांना काही सांगितलं नाही. उशी परत आली होती, रिमोट परत आला होता. सुख एवढं जड त्यांना आधी कधी झालं नव्हतं.

आता पहिला खांदा म्हणजे नुसता दांडा उचलणं नव्हे, आणि जितेंद्रनं आयुष्यात फक्त चाव्या उचललेल्या. त्याला शिकवायचं कोणी? सल्लागारांनी. रविवारी सकाळी जितेंद्रच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोन बांबूंना जुना टीपॉय बांधला, त्यावर रेतीच्या गोण्या ठेवल्या. मागचे खांदे द्यायला मंडळाची तीन पोरं, देखरेखीला तात्या. ईश्वररावांना पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची. त्यांना हात लावायला मनाई होती. शेजारी अंबिकाबाई, पर्ससकट.

"दादा, असा?" जितेंद्रनं विचारलं.

दांडा खांद्याच्या मांसावर हवा होता. जितेंद्रनं तो पुढं, छातीच्या हाडाला टेकवून घेतला होता आणि कमरेतून पिळून उचलत होता. ईश्वररावांना ते खुर्चीतून लख्ख दिसत होतं.

"छान," ते म्हणाले. "नाच आता."

जितेंद्र नाचला.

"अजून जोरात. देवी झोपेल."

जितेंद्र आणखी जोरात नाचला. "अजून एकदा," ईश्वरराव म्हणाले. मग परत म्हणाले. आवाजात जरासुद्धा राग नव्हता. जुने मास्तर सुट्टीच्या दिवशी म्हणतील तसं म्हणत होते.

थोड्या वेळानं टीपॉय कलंडला, रेती गच्चीभर झाली, आणि जितेंद्र छातीला हात लावून खाली बसला. तोंड पांढरं. "दादा... दुखतंय. श्वास घेतला की दुखतंय."

अंबिकाबाईंनी पर्स उघडली. "थांब," ईश्वरराव म्हणाले, आणि खुर्चीतून उठले. भावापाशी उकिडवे बसले. शर्टाचं बटण सोडून त्यांनी छातीच्या हाडाच्या डाव्या कडेनं एकेक बरगडी बोटानं चाचपली. तिसऱ्या ठिकाणी बोट जरा दाबलं आणि जितेंद्र केवढ्यानं तरी किंचाळला. ईश्वररावांनी बोट काढून घेतलं.

"दादा, हार्ट आहे काय रे?"

ईश्वरराव त्याच्याकडं बघत राहिले.

"बोल ना! दादा, माझी पोरं लहान आहेत रे. दादा, हे त्या खांद्यामुळे झालं. तुझा मान मी ओढून घेतला म्हणून आईनं... दादा, तू घे परत. पहिला खांदा तुझा, तुझ्यानंतर तुझ्या घराचा. मला नको. वाघजाईची शप्पथ, नको मला. फक्त काहीतरी कर!"

ईश्वररावांनी मान वर केली. "तात्या, ऐकलंत?"

"ऐकलं," तात्या म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "वाघजाईची शपथ आहे. आता मोडता नाही यायची."

तीन पोरांनी आपापल्या माना हलवल्या.

"बरगडी आहे," ईश्वरराव म्हणाले. "छातीच्या हाडाला बरगडी जुळते तिथं लचक भरलीय. शेक घे, दोन आठवडे वजन उचलू नकोस. तरी एकदा ईसीजी काढून येऊ. अंगावर काढू नये."

जितेंद्रनं डोळे उघडले. एक श्वास घेतला, कळवळला, आणि म्हणाला, "म्हणजे हार्ट नाही?"

"नाही."

"मग मी आत्ता जे बोललो ते—"

"शपथ घेतलीस जितू," तात्या दुसरीकडं बघत म्हणाले.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पडद्यामागं जितेंद्रच्या छातीला वायरी लावत होते. तो आतून नर्सला "हळू, हळू" म्हणत होता. बाहेरच्या बाकावर नवराबायको बसली होती.

"अहो, तुम्हाला कधी कळलं, बरगडी आहे म्हणून?"

"बोट ठेवल्याबरोबर."

"मग लगेच का नाही बोललात? केवढा घाबरला होता तो. पोरांची नावं घ्यायला लागला होता."

"तो बोलत होता ना," ईश्वरराव म्हणाले. "मध्येच कसं तोडणार?"

अंबिकाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग मांडीवरची पर्स उचलून दोघांच्या मध्ये ठेवली, आणि जरा लांब सरकून बसल्या.